चौथा एंजल

१

तिसरा एंजल सकाळी मेलेला सापडला आणि दुपारच्या आत माझ्या धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, येतेस का? घर मोडायची वेळ आलीय."

माशांपायी घर मोडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. पण विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि त्या नोकरीत मी एवढंच शिकले की माणूस फोनवर जे सांगतो ते सोडून बाकी सगळं बघायचं. गोदामं आपोआप पेटत नाहीत, दागिने आपोआप हरवत नाहीत आणि धडधाकट मासे आपोआप मरत नाहीत. निवृत्त झाले तरी संशय घ्यायची सवय काही सुटली नाही. त्यामुळे नातेवाईक मला समारंभाला बोलवायला कचरतात आणि भानगडीला मात्र आवर्जून बोलावतात.

भावाचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. हॉलमध्ये भिंतीला लागून सोफ्याएवढी लांब काचेची टाकी. ती मांडली होती त्याच्या पहिल्या बायकोनं. ती आजारपणात गेली, टाकी राहिली. आत लहानग्या निऑन माशांचा थवा, तळाशी दोन-चार मिशाळ मासे आणि तिचे लाडके चार एंजल. चपटे, लांब पंखांचे, कधीही घाईत नसलेले. गेल्या वर्षी भावानं दुसरं लग्न केलं. ही इस्पितळातल्या औषधांच्या काउंटरवर फार्मासिस्ट आहे. लग्नाला वर्ष होत आलं तरी घरात सगळे तिला 'नवी'च म्हणतात, यावरून काय ते समजा.

दार भावानं उघडलं. शर्टाची गळ्यापर्यंतची गुंडी लावलेली आणि हात कानाच्या पाळीवर. कुणी त्याच्याकडे रोखून बघितलं की तो पाळी ओढत बसतो, शाळेत होता तेव्हापासून.

"पोर म्हणते, या घरात एक तर ती राहील नाहीतर मी," तो हळूच म्हणाला. "रविवारी आजीकडे कायमची जायचं ठरवून बसलीय. म्हणून मी म्हटलं, नवीनंच थोडे दिवस माहेरी जावं."

"थोडे दिवस म्हणजे किती?"

त्यानं पाळी ओढली. म्हणजे त्यालाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात माझी पंधरा वर्षांची भाची फ्रीजमधून झाकणाचा एक डबा घेऊन आली आणि तिनं तो माझ्यापुढे उघडला. ओल्या कागदात मेलेला एंजल. पुरावा खराब होऊ नये म्हणून तिनं तो थंडाव्यात ठेवला होता. माझीच भाची!

मी चष्मा चढवला. पंख शाबूत होते, एकही फाटलेला नव्हता. पण दोन्ही कुशींवर गोल गोल लालसर चट्टे होते आणि तेवढ्या जागेवरचे खवले सोलून निघाले होते.

"पहिल्या दोघांना पण असंच झालं होतं," पोर म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण डोळे कोरडे होते. "तिनं मारलेत, आत्या. मी उगाच नाव घेत नाहीये. तिचा हात टाकीत असताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

२

मी पोरीला गॅलरीत नेलं आणि दार लोटलं.

"कधी बघितलंस?"

"काल सकाळी. मी शाळेला जायला उठले तर ही अंधारातच टाकीपाशी. दिवा पण लावला नव्हता. बाही कोपरापर्यंत वर आणि हात पाण्यात. मला बघून दचकली आणि काहीतरी पाठीमागे लपवलं."

"काय लपवलं?"

"दिसलं नाही. आणि आज सकाळी हा मेला. अजून काय पुरावा पाहिजे तुला?"

मला बराच पाहिजे होता. हात पाण्यात दिसला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं होत नाही, पण लपवाछपवी मला आवडत नाही.

"तिनं यापूर्वी टाकीत काही ढवळाढवळ केली होती?"

"तिचा तो मासा! काचेवर शेवाळ धरतं म्हणून शेवाळ खाणारा मासा आणला तिनं. माझ्या आईच्या टाकीत. मला विचारलं पण नाही." पोरीनं फोन काढला. "हे बघ, आणला त्या दिवशी मी मैत्रिणीला फोटो पाठवला होता. आमच्या घरी सफाई कामगार आला म्हणून."

फोटो स्वच्छ होता. मागे चार एंजल आणि पुढे काचेला टेकलेला सडपातळ मासा. डोक्यापासून शेपटीच्या पार टोकापर्यंत पट्टी धरून आखावा तसा काळा पट्टा.

"सुरुवातीला काच चकाचक केली त्यानं," ती नाइलाजानं म्हणाली. "आता बघ काय झालंय."

मी आत डोकावले. काच हिरवीगार झाली होती. सफाई कामगार मात्र एका दगडावर पोट टेकून बसला होता, चांगला गुबगुबीत. पाठीवर ठिपके आणि पट्टा शेपटीच्या मुळाशीच संपलेला. मी बघितलं आणि त्या क्षणी पुढे गेले. वय झालं, दुसरं काय!

"तू खायला घालतेस का त्यांना?"

पोरीनं दाराकडे बघितलं. "शाळेतून आले की चिमूटभर. बाबाला सांगू नकोस. तो म्हणतो, मी सकाळी घालतो तेवढं पुरे."

"आणि झाकण?"

"लावते ना." ती थांबली. "बहुतेक लावते."

बाहेरच्या दारात किल्ली फिरली. मला आश्चर्य वाटलं, कारण घरातली सगळी माणसं घरातच होती.

३

आल्या त्या आमच्या विहीणबाई, पोरीची आजी. पलीकडच्याच गल्लीत राहतात. लेक गेल्यावरही तिच्या घराची किल्ली त्यांनी परत दिली नव्हती आणि मागायची हिंमत माझ्या भावाला झाली नव्हती. रोज दुपारी यायचं, टाकीसमोर खुर्ची ओढून बसायचं आणि नवी कामावरून यायच्या आत निघून जायचं, असा त्यांचा नेम.

"बरं झालं तुम्ही आलात," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "तुमच्या भावाला तर काही दिसतच नाही. अहो, ती बाई दिवसभर औषधांत बसते. कसल्या कसल्या पुड्या असतील तिच्याकडे!"

"विहीणबाई, पाण्यात विष घातलं असतं तर आधी हे नखाएवढे निऑन मेले असते. त्यांचा थवा तर मजेत फिरतोय."

"मग नखांनी ओरबाडलं असेल."

"पोहत्या माशाला?"

"द्वेष असला की माणसाला काहीही जमतं."

हे वाक्य त्यांनी फार अधिकारानं उच्चारलं. मी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. पोर रविवारी कुणाकडे जाणार? यांच्याकडे. नवी गेली तर सुख कुणाला? यांनाच. घरात रोज दुपारी टाकीपाशी एकटं कोण असतं? पुन्हा याच.

"दुपारी तुम्ही इथे बसून काय करता?"

"माझ्या लेकीचे मासे आहेत. बघते त्यांना. बोलते." त्यांनी पदर सारखा केला. "दोन दाणे घालते. सकाळपासून उपाशी असतात मुके जीव."

"तुमचा जावई सकाळी घालतो की!"

"पुरुषाचं घालणं ते काय!"

मी कपाळावर हात मारायची राहिले. भाऊ सकाळी घालतो, आजी दुपारी घालते, पोर शाळेतून आल्यावर घालते आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्यावाचून मासे उपाशी मरतील. नको इतकं खाणं पाण्यात कुजलं की शेवाळ माजणारच. शेवाळ खाणाऱ्यानं तरी ते का खावं? आयतं ताट वाढलेलं असताना कोण भिंत चाटत बसेल?

"एक सांगा. लेकीची शेवटची आठवण आहे ही. त्यातला मासा मारायला तुमचा हात धजावेल?"

मी मुद्दामच घाव घातला. त्या चिडतील असं वाटलं होतं. पण म्हातारीचे डोळे भरून आले . मला वाईट वाटलं. तरी संशयितांच्या यादीतून मी तिचं नाव खोडलं नाही. रडणारे कितीतरी लोक मी खोटे निघालेले बघितलेत.

उरली होती ती जिच्यावर सगळं घर बोट दाखवत होतं. आतल्या खोलीत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

४

नवी पलंगावर कपड्यांच्या घड्या रचत होती. प्रत्येक घडी सारख्या मापाची. मी बसले तरी तिचे हात थांबले नाहीत.

"ताई, तुम्हीही विचारणार ना, मी मासे मारले का म्हणून?"

"नाही. मी विचारणार, तो शेवाळ खाणारा मासा तू कसा निवडलास."

हात थांबले. हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता, आणि मला वाटतं त्या घरात तिला कुणी आजवर विचारलाही नव्हता.

"दुकानदार काचेला चिकटणारा तो सकर मासा देत होता, बोटाएवढा. मी म्हटलं नको. तो मोठा होऊन हातभर होतो, झाडं उपटतो, घाण करतो. छोटे असतात ना, अगदी बारके, शेवाळच खाणारे, ते गोड दिसतात. पण त्यांना घोळका लागतो आणि नव्या पाण्यात टिकत नाहीत. माझ्या हातून या घरात मासा मरून चालणार नव्हतं." ती किंचित हसली. "गोगलगायींचं नाव काढलं तर आजींनी तोंड फिरवलं. मग उरला हा काळ्या पट्ट्याचा. शांत असतो, कुणाच्या वाटेला जात नाही. फक्त उड्या मारतो, म्हणून झाकण लावलेलं पाहिजे. आणि त्याचा एक तोतया असतो, दिसायला तसाच. त्यापासून जपायचं."

"तोतया?"

"पिल्लू असताना शेवाळ खातो, वाढला की सोडून देतो. वर गुरगुरायला लागतो. आमच्याकडे नाही का, दोन औषधांच्या पट्ट्या सारख्याच दिसतात? नाव नीट वाचल्याशिवाय मी हातात देत नाही. तसंच इथे. खऱ्याचा काळा पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत जातो, तोतयाचा अलीकडेच संपतो. मी दुकानदाराला म्हटलं, आधी पट्टा दाखवा, मग पिशवी बांधा."

"आणि तोच मासा टाकीत आहे?"

अगदी पापणी लवेपर्यंतच थांबली ती.

"हो. तोच."

"काल सकाळी टाकीत हात का घातलास?"

"काच पुसत होते."

मी उठले, हॉलमध्ये गेले आणि टाकीपुढे उभी राहिले. काच वरपासून खालपर्यंत हिरवी होती. कुठेही बोट फिरल्याची खूण नव्हती. मग मी दगडावरच्या त्या गुबगुबीत माशाकडे बघितलं. या वेळी पुढे गेले नाही. पट्टा शेपटीच्या मुळाशीच संपला होता.

जी बाई सारख्या दिसणाऱ्या औषधांतला फरक रोज ओळखते, तिला स्वतः आणलेला मासा ओळखता आला नाही? भावजय माझ्याशी खोटं बोलली होती, आणि तेही लागोपाठ दोनदा.

५

"जाड चादर आण," मी भाचीला म्हटलं. "आणि टॉर्च."

"कशाला?"

"तिन्ही मासे सकाळी मेलेले सापडले ना? म्हणजे जे काही होतं ते अंधारात होतं. मला रात्री जागरण झेपत नाही. आपण दुपारीच रात्र करू."

आम्ही टाकीचा दिवा घालवला आणि चारी बाजूंनी चादर सोडली. विहीणबाई खुर्ची मागे सरकवून बसल्या. भाऊ दारात उभा राहिला. नवी आपल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंतच आली. तासाभरात कुणी कुणाशी एक शब्द बोललं नाही. त्या घराला त्याची सवय असावी.

मग मी चादरीचा कोपरा उचलला आणि टॉर्च आत धरला.

चौथा एंजल झाडाच्या आडोशाला, झोपेत असल्यासारखा तरंगत होता. त्याच्या कुशीला तो ठिपक्यांचा लठ्ठ मासा तोंड लावून चिकटला होता. एंजल अंग झटकायचा, हा सुटायचा आणि पुन्हा त्याच जागी जाऊन चिकटायचा. वरची सगळी बुळबुळ आणि साल तो खरवडून खात होता.

पोर किंचाळली. विहीणबाई "अगं आई गं" म्हणत उठल्या.

"जाळी कुठाय? आधी याला वेगळा काढू."

जाळी नेहमीच्या खिळ्यावर नव्हती. ती सापडली टाकीच्या मागे, भिंत आणि स्टँडच्या फटीत कोंबलेली. एंजल बिचारा संथ, पहिल्याच खेपेला जाळीत आला. त्याला टाकीचंच पाणी भरलेल्या बादलीत सोडलं. तोतयानं मात्र आम्हाला घाम फोडला. दगडामागून झाडात, झाडातून दगडामागे. भाचीची बाही कोपरापर्यंत भिजली तरी तो हाताला लागेना.

भिजलेल्या बाहीकडे बघता बघता मला कळलं, काल सकाळी नवीचा हात पाण्यात का होता आणि तिनं पाठीमागे काय लपवलं होतं. ती याच माशाला पकडत होती. पण मग सांगत का नव्हती?

"बघितलंस आत्या? तिचाच मासा!" पोर जाळी आपटत म्हणाली. "तिनं मुद्दाम असला मासा आणला!"

"फोनमधला फोटो काढ."

तिनं काढला. मी फोन काचेशी धरला. फोटोतला पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत होता, टाकीतला शेपटीच्या मुळाशी तुटलेला होता. पोर एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली.

"हा... हा तो नाहीये."

मी मागे वळले. नवीनं आपल्या खोलीचं दार लावून घेतलं होतं.

६

मी एकटीच बाहेर पडले. चालताना माझं डोकं बरं चालतं.

घात करायचा म्हणून कुणी तोतया आणून सोडला असता, तर टाकीत दोन मासे दिसले असते, खरा आणि खोटा. एकच होता. म्हणजे खरा आधीच गेला होता. टाकीत मेला असता तर पोरीच्या नजरेतून सुटला नसता. तो उड्या मारणारा आणि झाकण 'बहुतेक' लावलं जाणारं. उघड आहे, तो बाहेर पडून मेला, कुणालातरी सापडला, आणि त्या कुणीतरी गुपचूप दुसरा आणून ठेवला.

कुणी? पोरीला सापडला असता तर तिनं नवीच्या माशाचा मृत्यू साऱ्या शाळेला कळवला असता. विहीणबाईंनी गल्लीला. नवीला सापडला असता तर तिनं पट्टा तपासून खराच आणला असता. म्हणजे आणणाऱ्याला खऱ्या-खोट्यातला फरक कळत नव्हता, आणि गाजावाजा व्हायला नको होता.

अशा माणसाचा मी नुसता विचार केला आणि रस्त्यातच थांबले. दुपारभर मी घरातल्या तिन्ही बायकांना खोदखोदून प्रश्न विचारले होते. एका माणसाला एकही विचारला नव्हता.

माशांचं दुकान पोरीच्या शाळेच्या वाटेवर आहे. दुकानदार जाडजूड, गोडबोल्या.

"शेवाळ खाणाराच आहे हो तो," माझं वर्णन ऐकून तो म्हणाला. "लहानपणी खातो."

"आणि मोठेपणी?"

"मोठेपणी कोण काय खाईल ते आपण कसं सांगणार, मावशी?"

"चपट्या माशांच्या अंगाला चिकटतो, हे माहीत होतं तुम्हाला?"

"कुणी विचारलं तर सांगतो की! आधी एक ताई आल्या होत्या, त्यांनी डोकं खाल्लं माझं. पट्टा दाखवा, शेपूट दाखवा. नंतर एक साहेब आले, त्यांनी काहीच विचारलं नाही. म्हणाले, काळ्या पट्ट्याचा द्या, आधीच्यासारखा दिसला की झालं. घरी कळता कामा नये."

"कसे होते साहेब?"

"साधेच. गळ्यापर्यंत गुंडी लावलेली." दुकानदार हसला. "आणि सारखी कानाची पाळी ओढत होते."

७

संध्याकाळी मी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. नवीची बॅग दाराशी होती. ती जायच्या तयारीनंच बसली होती, खुर्चीच्या कडेला.

"मासे कुणी मारले ते सगळ्यांनी बघितलंय," मी म्हटलं. "तो मासा घरात कुणी आणला, ते मला कळलंय. पण मी सांगणार नाही. ज्यानं आणला त्यानंच सांगायचं."

भावाचा हात कानाकडे गेला.

"हात खाली," मी म्हटलं.

त्यानं हात खाली घेतला. मग पोरीकडे बघत, तुटक तुटक बोलायला लागला.

"मी... ऑफिसातून आलो तेव्हा झाकण उघडं होतं. हिचा मासा स्टँडमागे पडला होता, वाळून गेलेला. घरात तूच होतीस तेव्हा. म्हटलं, हिला कळलं तर हिला वाटेल तू मुद्दाम उघडं ठेवलंस. तुला कळलं तर तू मनाला लावून घेशील. दोघींचं कुठे जरा... म्हणून दुसरा आणला. सारखाच दिसत होता."

"बाबा," पोर म्हणाली, "एंजल मरत होते तेव्हा?"

"मला काय ठाऊक, तोच मारतोय ते!"

"पण तो तिचा मासा नाही, हे तर ठाऊक होतं! मी रोज म्हणत होते, हिच्या माशानं टाकीची वाट लावली. तू ऐकत होतास."

"तेव्हा सांगितलं असतं तर इतके दिवस का नाही सांगितलं, असं विचारलं असतंत तुम्ही."

त्याच्यावर माझा जीव आहे, पण त्या वेळी त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं मला मनापासून वाटलं.

मी नवीकडे वळले. "तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं ना, मासा बदललाय ते?"

"हो."

"मला खोटं का सांगितलंस?"

तिनं पोरीकडे बघितलं. म्हणून मीच सांगितलं.

"हिला वाटलं, मासा पोरीनं बदलला. दुकान शाळेच्या वाटेवर, पोरीचा राग जगजाहीर. दुसरा एंजल मेला तेव्हा जखमा बघून हिला तोतयाचा संशय आला. तो पकडून गुपचूप दुकानात परत द्यावा म्हणून काल सकाळी ही जाळी घेऊन टाकीपाशी होती. तू उठलीस म्हणून जाळी लपवली. खरं सांगितलं असतं तर मासा बदलला कुणी, हा प्रश्न आला असता आणि बोट तुझ्याकडे गेलं असतं. म्हणून ही बॅग भरायला बसली."

पोरीचं तोंड उतरलं. "तुम्हाला वाटलं, मी?"

"वाटलं," नवी म्हणाली. "चुकलंच माझं. विचारायला हवं होतं. पण तुझ्याशी बोलायला गेले की तू खोलीतून निघून जायचीस."

"मग सगळ्यांना सांगून टाकायचं! मी तर तुमच्यावर..."

"तू पंधरा वर्षांची आहेस आणि तुझी आई गेलीय. तुला आणखी कशाला पकडून द्यायचं?"

विहीणबाई डोळे टिपून भिंतीकडे बघत राहिल्या. नवी उठली आणि पहिल्यांदाच भावाच्या नजरेला नजर देऊन बोलली.

"तुम्ही लेकीला वाचवायला गप्प बसलात, मी समजू शकते. मीही तेच केलं. पण मी गप्प बसले तेव्हा बोल मला लागत होता. तुम्ही गप्प बसलात तेव्हाही मलाच. मला कोण वाचवणार होतं?"

भावाचा हात कानाकडे गेला आणि अर्ध्यावरूनच खाली आला.

मग पोर उठली. बाहीनं डोळे पुसले, जाळी उचलली आणि टाकीत खुपसली. दोन खेपा तोतया निसटला. तिसऱ्या खेपेला नवी न बोलता दुसऱ्या बाजूनं आली, मोकळ्या हातानं त्याला कोपऱ्यात रेटलं आणि पोरीनं त्याला जाळीत घेतलं. दोघींच्या बाह्यांतून पाणी ठिबकत होतं.

पोरीनं पाणी भरलेल्या पिशवीला गाठ मारली. "हा परत द्यायला जाते. दुसरा बघायला तुम्ही येता का? मला एकटीला नाही जमायचं."

नवीनं बॅगेकडे बघितलं, मग पोरीकडे. मग तिनं पायात चपला सरकवल्या.

"मी पण येतो," भाऊ गडबडीनं उठला.

"तू नको, बाबा," पोर म्हणाली. "तू काय वाट्टेल ते उचलून आणतोस."

दोघी जिना उतरायला लागल्या. दाराशी बॅग तशीच होती, भरलेली. भाऊ तिच्याकडे बघत उभा होता.

"ताई, ती राहील ना गं?"

"मला काय विचारतोस? मी फक्त संशय घेते. तिला विचार. आणि मोठ्यानं विचार, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

तो जिन्यापाशी गेला. कठड्याला धरून त्यानं घसा साफ केला, आणि आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माझा भाऊ ओरडला, "ऐकलंस का? चूक माझी होती! सगळी माझी! तू जाऊ नकोस!"

शेजारचं दार उघडलं, वरचंही उघडलं. पावलं मधेच थांबली. भावानं कठडा घट्ट धरला होता.

"आधी माशाचं बघू," खालून नवीचा आवाज आला. "मग तुमचं."